बट्टा भाषेचा

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या गावोगावी झेंडावंदन होते आणि व्यासपीठावरचा कुणी ना कुणी वक्ता सांगतो, की निजामाच्या राज्यात मराठीवर बंदी होती. समोर बसलेल्या पोरांच्या डोळ्यांपुढे मग असे चित्र उभे राहते, की रस्त्यात मराठी बोलणाऱ्याला शिपाई पकडून नेत असावेत. तसे काही नव्हते. घरात मराठी होती, बाजारात मराठी होती, कीर्तन मराठीत चाले, पारायणाला पोथी मराठीच लागे. खालच्या इयत्तांत मातृभाषेतून शिकवण्याची सोय सरकारी शाळांतही होती. तरीसुद्धा वक्त्याचे विधान खोटे म्हणता येत नाही. भाषा कोंडण्याचे दोन प्रकार असतात. एकात उघड हुकूम निघतो. दुसऱ्यात भाषेचे नावही न घेता तिच्या भोवतीची दारे एकेक करून लावून घेतली जातात. आमच्याकडे दुसरा प्रकार झाला. तो नीट समजावून घ्यायचा तर स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र वाचावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

आधी पहिल्या प्रकाराविषयी थोडे. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली ती १९१७ साली. अमेरिकेच्या मध्यभागातील राज्यांत तेव्हा लाखो जर्मन कुटुंबे दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांपासून शेती करून राहत होती. त्यांची चर्चे, शाळा, वर्तमानपत्रे जर्मनमध्ये चालत. युद्ध सुरू झाले आणि ती भाषाच शत्रू ठरली. २३ मे १९१८ रोजी आयोवा राज्याचे गव्हर्नर हार्डिंग यांनी जाहीरनामा काढला: शाळेत, सभेत, आगगाडीत, टेलिफोनवर, इतकेच काय प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा वापरायची नाही. त्या तडाख्यात जर्मनांबरोबर डॅनिश, नॉर्वेजियन, डच, चेक असे सगळेच सापडले. टेलिफोनवर जर्मन बोलल्याबद्दल बायकांना दंड झाले. शेजारच्या कॅनडात बर्लिन नावाच्या गावाचे १९१६ मध्येच किचनर असे नामांतर झाले होते. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवणे हाच गुन्हा ठरवला. रॉबर्ट मेयर नावाच्या एका शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मनमधून बायबलातल्या गोष्टी वाचायला शिकवल्याबद्दल शिक्षा झाली. तो शिक्षक वरच्या कोर्टात गेला आणि १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. उघड बंदीत एवढी तरी सोय असते. ती कागदावर असते, तिच्याकडे बोट दाखवता येते, तिच्याविरुद्ध दाद मागता येते.

हैदराबाद संस्थानात बोट दाखवावे असा कागद नव्हता. दरबारची भाषा आधी फारसी होती. १८८० नंतरच्या काळात तिची जागा उर्दूने घेतली. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४४ लाख होती. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक तेलुगू बोलणारे, चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक मराठी बोलणारे. कन्नड घरची भाषा असलेले दहातले एक आणि उर्दू घरची भाषा असलेलेही जवळजवळ तेवढेच. पण ठाणे, तहसील, कचेरी, मुन्सफाचे कोर्ट आणि प्राथमिक वर्गांपुढचे शिक्षण हे सगळे उर्दूत. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी हवी. जाहीर सभा घ्यायची तरी परवानगी हवी. त्यासाठीची गश्ती निशान ५३ आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात एखाद्या रोगाच्या नावासारखी असे. त्या गश्तीत मराठीचा उल्लेख कशाला असेल? ती सभांविषयी होती. पण शाळेला परवानगी नाही, सभेला परवानगी नाही, वाचनालयावरही नजर, अशा परिस्थितीत भाषा घराच्या उंबऱ्याआत राहते आणि हळूहळू तिथेच राहणे तिला स्वाभाविक वाटू लागते.

मी बँकेत नोकरी केलेला माणूस. भाषेचा हा प्रकार मला बट्ट्याच्या हिशेबाने चांगला कळतो. हैदराबाद संस्थानचे स्वतःचे नाणे होते, त्याला हाली शिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली मोजावे लागत. म्हणजे नाणे तुमच्या खिशातच असे, पण सरहद्द ओलांडली की त्याची किंमत कमी होई. मराठीचे तसेच होते. गावात ती पूर्ण मोलाने चाले. तहसीलच्या पायरीवर तिला बट्टा लागे. अर्ज लिहून देणाऱ्याला पैसे द्या, आलेला हुकूम वाचून दाखवणाऱ्याला पैसे द्या आणि त्याने वाचले ते खरे मानून अंगठा द्या. माझ्या नोकरीची बरीच वर्षे मराठवाड्यातल्या शाखांत गेली. कर्जासाठी येणारे शेतकरी कधी कधी ट्रंकेच्या तळातून एखादा पिवळा पडलेला कागद आणत. इनामाचा मुंतखब असे, एखादे जुने खरेदीखत असे. मजकूर उर्दू, तारीख फसली. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, एवढे गणित आम्हा सगळ्यांना येत होते. मजकूर मात्र आम्हालाही वाचता येत नसे आणि ज्याच्या घरात तो कागद तीन पिढ्या सांभाळला गेला होता त्यालाही नाही. स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतःला वाचता न येणे म्हणजे काय, हे मी त्या टेबलावर पाहिले.

या व्यवस्थेशी ज्यांनी सर्वांत शहाणपणाने झुंज दिली ते स्वामीजी जन्माने निजामाच्या प्रजेपैकी नव्हते. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला त्यांचा जन्म झाला. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि भाषेने कानडी. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा ज्या शहराच्या गल्ल्यांत एकाच वेळी ऐकू येतात, असे ते गिरणगाव. पुढे चारही भाषांच्या माणसांत ज्याला वावरायचे होते त्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले तेव्हा सतरा वर्षांच्याही आत असलेल्या या मुलाने आजन्म अविवाहित राहून देशाचे काम करायचे ठरवले. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शाळा सोडली. अमळनेरला राष्ट्रीय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात गेले. त्यानंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. पुढच्या आयुष्यात कागदपत्र, ठराव, निवेदने यांत त्यांचा जो नेटकेपणा दिसतो त्याची तालीम तिथे झाली असावी, असे मला वाटते.

१९२९ मध्ये ते उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. ही शाळा व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये काढलेली होती. रेल्वे नाही, सडक नाही अशा आडगावी, निजामाच्या हद्दीत, मराठीतून शिकवणारी शाळा चालवायची म्हणजे रोजचीच परीक्षा होती. मुले दूरदूरच्या गावांहून येऊन राहत. मास्तर त्यांच्यातच राहत, त्यांच्यातच जेवत. तिथेच खेडगीकर मास्तरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ज्या स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत त्यांनी दीक्षा घेतली ते रामतीर्थ पंजाबातले, गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांचे पुष्कळसे लेखन उर्दूत होते. उर्दूच्या सक्तीशी ज्याने आयुष्यभर सामना केला त्या माणसाच्या भगव्या वस्त्राच्या मागे उर्दूत लिहिणारा एक संन्यासी उभा आहे. उर्दू भाषा आणि उर्दूची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वामीजींना कुणी शिकवावे लागले नसणार.

१९३५ मध्ये ते आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखी माणसे त्यांत होती. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांना आपण मानतो त्या मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे, त्या गावाचे सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरीच्या शाळेने पुढच्या काळात मराठवाड्याला किती कार्यकर्ते दिले, हे जाणकारांना ठाऊक आहे. या काळात स्वामीजी राजकारणात उतरलेले नव्हते. ते शाळेतले मास्तर होते, एवढेच. पण मराठी शाळा नीट चालवणे हेच निजामी राज्यात राजकारण होते. भाषणे करून तुरुंगात जाणारा माणूस सरकारला समजतो. मुलांना त्यांच्याच भाषेत भूगोल आणि गणित शिकवणारा माणूस धोकादायक आहे की नाही, हे ठरवायला सरकारला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात एक पिढी वाचायला शिकते.

येथे सरकारच्या बाजूने एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची स्थापना ठरली आणि १९१८ मध्ये ते सुरू झाले. सगळ्या हिंदुस्थानात उच्च शिक्षण इंग्रजीतून चालत असता, देशी भाषेतून शिकवणारे हे पहिले आधुनिक विद्यापीठ. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचा स्वतंत्र विभाग काढण्यात आला. विज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास अशा विषयांचे ग्रंथ उर्दूत आणले गेले, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. आपण मराठीसाठी जे अजून करू शकलेलो नाही ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केले. कमी पडली ती एकच बाब. देशी भाषेतून शिक्षण द्यावे हे तत्त्व स्वीकारल्यावर दहातल्या नऊ लोकांच्या देशी भाषा कोणत्या, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

आणि दोष एकट्या दरबाराचा तरी कुठे होता? १९२१ च्या नोव्हेंबरात हैदराबादेत विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात सामाजिक सुधारणा परिषद भरली. अध्यक्षस्थानी धोंडो केशव कर्वे होते. भाषणे इंग्रजीत झाली, उर्दूत झाली, मराठीत झाली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेत हुर्यो उडाली. संस्थानातल्या निम्म्या लोकांची भाषा संस्थानच्या राजधानीत बोलता येईना, आणि त्या सभेत आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने बसलेली होती. अपमान झालेली तेलुगू मंडळी त्या रात्रीच एकत्र जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. पुढे त्यातूनच आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणाचे सारे राजकारण घडले. मराठीची गळचेपी सांगताना आपण ही हकिकत गाळतो. स्वामीजींनी पुढे तिन्ही भाषांच्या लोकांना एका व्यासपीठावर आणण्याचा जो खटाटोप केला, त्याचे मोल ही हकिकत ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झाले. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे. तेव्हा ते आमच्या परभणी जिल्ह्यात होते. अध्यक्ष गोविंदराव नानल. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला भरले आणि तिथे स्वामीजींना परिषदेचे सरचिटणीस करण्यात आले. शाळेतला मास्तर राजकारणात आला तो असा. तेलुगू भागात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद आणि मराठी भागात महाराष्ट्र परिषद अशा तीन संस्था होत्या. त्या शिक्षण, समाजसुधारणा, वाचनालये यांविषयी बोलत. तेवढे सरकारला चालत असे. या तिघींनी मिळून स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचे ठरवले मात्र, आणि ७ सप्टेंबर १९३८ रोजी, संस्था अजून नीट जन्मालाही आली नव्हती तोवर, तिच्यावर बंदी आली. कारण दिले ते असे की ही संस्था जातीय आहे. तीन भाषांचे लोक वेगवेगळे बसून आपापल्या शाळांविषयी रडत होते तोवर कुणाला चिंता नव्हती. ते एकत्र येऊन जबाबदार राज्यपद्धती मागू लागले, तेव्हा त्यांची जात दिसू लागली.

२४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व गोविंदराव नानलांनी केले. थोड्याच दिवसांत स्वामीजीही तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज आणि उस्मानिया विद्यापीठाची वसतिगृहे येथे वंदे मातरमची चळवळ झाली. प्रार्थनेच्या वेळी कोणते गीत म्हणावे, एवढा साधा प्रश्न होता. विद्यार्थ्यांनी गीत सोडले नाही, तेव्हा त्यांची नावे पटावरून कमी झाली. या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. कुलगुरू केदार यांचे ते उपकार मराठवाड्यातली आणि तेलंगणातली एक पिढी विसरली नाही. त्या मुलांत पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. ते स्वामीजींना गुरुस्थानी मानत.

यानंतर दहा वर्षे स्वामीजींचे आयुष्य तुरुंगाच्या आत आणि बाहेर असेच गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाले. निजाम हे इंग्रजांचे विश्वासू दोस्त. युद्धाला त्यांनी पैसा दिला, विमाने दिली. युद्धकाळात कुठल्याही मागणीला राजद्रोहाचा वास येतो. गांधीजींच्या संमतीने १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रह झाला आणि स्वामीजींना पकडण्यात आले. १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाहून परतताच पुन्हा अटक झाली. १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली आणि १९४७ च्या जूनमध्ये तिचे पहिले खुले अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेत झाले. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवल्याबद्दल ते पुन्हा आत गेले. मध्यंतरी सुटका, २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा अटक, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली तेव्हा कायमची सुटका, असा तो क्रम आहे.

त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाची हत्या झाली. त्यांचे पत्र इमरोज उर्दूत निघे आणि संस्थान भारतात विलीन व्हावे असे ते उर्दूतून लिहीत. रझाकारांना ते सहन झाले नाही. मखदूम मोहिउद्दीन उर्दूचे मोठे कवी, आणि तेलंगणातल्या शेतकऱ्यांच्या लढ्याचे ते पुढारी होते. उर्दू ही जुलमाची भाषा होती, असे ज्यांना सरसकट म्हणावेसे वाटते त्यांनी ही दोन नावे आठवावीत.

पोलिस कारवाईनंतर जे घडले तेही सांगितले पाहिजे. आमच्या मुक्तिदिनाच्या भाषणांत ते सहसा येत नाही. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत निरपराध मुसलमानांवर उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. आणि भाषेचे पारडे एका रात्रीत उलटले. उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यम जाऊन इंग्रजी आले. भाषांतर विभागाचे काम संपले. ज्यांनी आयुष्यभर उर्दूत नोकरी केली त्या कारकुनांना आपलीच भाषा चोरून बोलावी असे वाटू लागले असेल. अमेरिकेतल्या जर्मन कुटुंबांचे नेमके हेच झाले होते. युद्ध कुणी लढले आणि जीभ कुणाची बांधली गेली! राज्य बदलले की बट्टा नाहीसा होतोच असे नाही. तो कधी कधी फक्त दुसऱ्याच्या नाण्याला लागतो.

स्वामीजींच्या आयुष्यातला सर्वांत अवघड निर्णय मला वाटतो तो यानंतरचा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले. हैदराबाद हे तेव्हा तीन भाषांचे राज्य होते आणि तिन्ही भागांत ज्यांचा शब्द चालतो असे जे थोडे पुढारी होते त्यांत स्वामीजी अग्रभागी होते. ते राज्य टिकले असते तर त्यांचे स्थान टिकले असते. पंडित नेहरूंचाही कल ते राज्य मोडू नये असाच होता. अनेक भाषा आणि धर्म एकत्र नांदवणारी हैदराबादची संस्कृती त्यांना प्रिय होती. स्वामीजींनी मात्र हैदराबादचे भाषेनुसार त्रिभाजन व्हावे, अशी भूमिका घेतली आणि ती सोडली नाही. शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचा कागद वाचता यायचा असेल, खटला त्याला समजायचा असेल, मुलाला वरच्या इयत्तेत जाताना भाषा बदलावी लागू नये असे वाटत असेल, तर राज्यकारभाराची भाषा आणि लोकांची भाषा एक असली पाहिजे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. तेलंगणा आंध्रात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला मिळाले आणि मराठवाडा आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला.

ज्या राज्याच्या मुक्तीसाठी तारुण्य दिले ते राज्यच नकाशावरून पुसून टाका, असे सांगणारा पुढारी मला तरी दुसरा ठाऊक नाही. त्याची किंमतही त्यांनी मोजली. १९५७ मध्ये औरंगाबादने त्यांना लोकसभेवर पाठवले. आधी कानडी मतदारांनी आणि मग मराठी मतदारांनी निवडून दिलेला हा खासदार. त्यानंतर मात्र ते सत्तेच्या राजकारणातून हळूहळू बाजूला झाले. तीन राज्ये झाली आणि तिन्हींपैकी एकही पूर्णपणे त्यांचे राहिले नाही.

त्यांनी मागे ठेवले ते शिक्षण. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये त्यांच्याच पुढाकाराने निघाले. सत्तरच्या दशकात मीटरगेजच्या पॅसेंजरने चुडावा, लिंबगाव, पूर्णेकडच्या खेड्यांतली मुले नांदेडला शिकायला जात, त्यांतला मी एक. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला तो पहिलाच माणूस असे. नरहर कुरुंदकरांसारखा विद्वान आम्हाला मराठीतून विचार करून दाखवत होता. आमच्या वडिलांच्या पिढीत वरच्या वर्गात गेलेल्या मुलाला आपली भाषा दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवावी लागे. आम्हाला ती घालूनच आत जाता आले. हे स्वामीजींचे देणे आहे हे तेव्हा आम्हाला कळत नव्हते. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि आता बहुतेकांना ते नाव गुणपत्रिकेवरूनच माहीत असते.

म्हणूनच आजचा हिशेब मांडावासा वाटतो. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता कुणी मराठीवर बंदी घालणार नाही. पण मी ज्या बँकेत होतो तिथे गहाणखताचे आणि हमीपत्राचे बारीक अक्षरातले पाठपोट इंग्रजी कागद शेतकऱ्यापुढे ठेवले जात. तो सही कुठे करायची एवढेच विचारी, कशावर करायची हे विचारत नसे. ट्रंकेतला उर्दू कागद आणि हा इंग्रजी कागद यांत त्याच्या दृष्टीने काय फरक होता? तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या खेड्याखेड्यांतून पोरे उचलतात आणि झेडपीच्या शाळेचा पट घसरतो. कुठलीही गश्ती निघालेली नाही. दार लावायलाही कुणी उठलेले नाही. आपणच त्या दारातून बाहेर पडत आहोत.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. आमच्याच जिल्ह्यांतल्या तांड्यांवरून गोरमाटी बोलणारे पोर पहिलीत येते तेव्हा मराठी पुस्तक त्याच्यासाठी तहसीलचा कागदच असतो. उर्दू शाळेतला मुलगा सातबाऱ्याच्या उताऱ्यापुढे आज तसाच उभा असतो, जसा आमचा आजा मुंतखबापुढे उभा होता. १९२१ मध्ये विवेकवर्धिनीच्या सभेत झालेली हुर्यो अशा वेळी आठवायला हवी. आपल्या भाषेला लागलेला बट्टा आपल्याला लगेच कळतो. आपल्या भाषेमुळे दुसऱ्याला लागणारा बट्टा आपण हिशेबात धरत नाही.

स्वामीजी कानडी मुलखात जन्मले, मराठी शाळांत घडले आणि त्यांनी इतरांना घडवले. हैदराबादच्या लढ्याच्या आठवणी त्यांनी १९६७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या, आणि त्यांची समाधी हैदराबादेत बेगमपेठेला आहे, म्हणजे तेलुगू भूमीत. यांतली कोणती भाषा त्यांची, असा प्रश्न कुणी विचारला तर मला उत्तर देता येणार नाही. बोलणारा समोर असेल तर त्याची भाषा ती आपली, असे मानणारा तो माणूस होता. येत्या १७ सप्टेंबरला व्यासपीठावर जो कुणी उभा राहील त्याने मराठीवरच्या बंदीची गोष्ट जरूर सांगावी. सांगताना एवढे करावे, की समोर बसलेल्या मुलांपैकी कितीजणांच्या घरी मराठी बोलत नाहीत, हे आधी त्यांच्या गुरुजींना विचारून घ्यावे.